वरची लेन

“पाय उचललास,” मुजावरचाचा म्हणाले.

“नाही उचलला.”

“आगं, मी काय आंधळा हाय का? काटा बघ की. दोनशेवरनं पावणेदोनशेला आला. आपोआप आला व्हय?”

काटा खरं सांगत होता आणि मी खोटं बोलत होते. गाडी वळणातून बाहेर पडून सरळ रस्त्याला लागली होती. माझ्या तळहातांना इतका घाम सुटला होता, की स्टिअरिंग बुळबुळीत लागत होतं. मी एक हात पँटला पुसला, मग दुसरा. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

“टॉवरवरून चिटणीस. वाघचौरे, वळणाचा रिपोर्ट आला नाही.”

मी बटण दाबलं. “वरची लेन, एकशे पंचाहत्तर, ठीक.”

शेवटचा शब्द कापत बाहेर आला. आमच्या ट्रॅकचे प्रमुख चिटणीस साहेब आकड्यांसाठी रिपोर्ट मागत नसत. आकडे त्यांच्यासमोर पडद्यावर दिसतच असायचे. ते आवाज ऐकत. प्रत्येक फेरीत पहिल्या वळणाला ड्रायव्हरनं लेन, वेग आणि ‘ठीक’ एवढं बोलायचं, हा नियम त्यांनीच घातलेला. आवाज कापला, की ती फेरी बाद. त्यावर कुणी वाद घातलेला मी कधी ऐकला नाही.

“ही फेरी धरत नाही,” साहेब म्हणाले. “पुन्हा पहिल्यापासून.”

ही साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नगरकडच्या एका उजाड माळावर आमचा ट्रॅक होता. वेगवेगळ्या कंपन्या आपल्या नव्या गाड्या तिथं पाठवायच्या आणि आम्ही त्या चालवायचो. बाकीच्या ड्रायव्हरांना गाडी जपण्याचा पगार मिळतो, आम्हाला ती मोडेपर्यंत पळवण्याचा मिळायचा. माझ्या आईनं गावात सांगून ठेवलं होतं, की नलू गाड्यांच्या ऑफिसात असते. ते अगदीच खोटं नव्हतं. ऑफिस होतं, मी त्यात चहा प्यायला जायचे.

ट्रॅक लांबट गोल. दोन सरळ रस्ते आणि दोन्ही टोकांना दोन वळणं. वळणांची जमीन बाहेरच्या बाजूनं उचललेली, पिठाच्या परातीची कड असते तशी. खालची लेन जवळजवळ सपाट, मधली तिरकी, आणि वरची इतकी उभी की खालून बघणाऱ्याला ती भिंतच वाटावी. त्या भिंतीवरून ताशी दोनशे किलोमीटरनं गाडी न्यायची. सगळ्या ट्रॅकवर ते काम करणारे आम्ही मोजके लोक, आणि त्यात बाई मी एकटी. मला त्याचा माज होता. का नसावा? मी गाडी शिकले ती ट्रॅक्टरवर. आमच्या ट्रॅक्टरला शेळ्या मागं टाकायच्या. तिथून मी दोनशेला पोचले होते.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर एके दिवशी त्याच वळणात, त्याच वेगात, माझ्या गाडीचं मागचं डावं टायर फुटलं.

स्फोटासारखा आवाज झाला एवढं मला आठवत होतं. त्यानंतर आठवत होतं ते हे, की गाडी खालच्या लेनच्या कडेला उभी आहे, धूळ उडते आहे आणि मी पट्टा सोडायचा प्रयत्न करते आहे. मधलं सगळं गायब. मला साधं खरचटलंही नव्हतं. सगळ्यांनी पाठ थोपटली. “काय गाडी सावरली!” म्हणाले. कँटीनमध्ये जिलेबी वाटली गेली. मी जिलेबी खाल्ली, हसले, आणि घरी जाऊन रात्रभर छताकडे बघत बसले. कारण गाडी सावरली म्हणजे मी नक्की काय केलं, हे मलाच माहीत नव्हतं. आणि जे केलं ते माहीत नाही, ते पुन्हा वेळ आली तर जमेल कसं?

ट्रॅकचा नियम होता. असं काही घडलं, की ड्रायव्हरनं शिक्षकाला शेजारी बसवून वरच्या लेनमध्ये ठरलेल्या वेगानं सलग पाच फेऱ्या करून दाखवायच्या. त्यासाठी तीन वेगवेगळ्या दिवशी तीन संधी, आणि त्या दिवशी ट्रॅक मोकळा असेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची मुभा. माझ्या दोन वाया गेल्या होत्या. दोन्ही वेळा वळण आलं, की पाय आपोआप वर यायचा. आजची तिसरी. ही गेली तर वरची लेन कायमची बंद. मग उरलेली नोकरी खड्ड्यांच्या ट्रॅकवर वीसच्या वेगानं आदळत काढायची. त्या कामात कमीपणा नव्हता, ते करणारे भले लोक होते. पण मला वेगाचं वेड होतं आणि ते वेड सोडून मी कोण उरते, हे मला कळत नव्हतं. मी फार घाबरले होते, गाडीला आणि त्या उरलेल्या आयुष्यालाही.

चाचांनी माझ्या हातातून रेडिओ घेतला. “साहेब, मुजावर बोलतोय. गाडी जरा गार करतो. टायर लई तापल्यात.”

“मुजावर, टायर एका फेरीत तापत नाहीत.”

“आज ऊन लई हाय, साहेब.”

साहेब म्हणाले, “दुपारी दुसऱ्या कंपनीला ट्रॅक द्यायचा आहे. त्याच्या आत काय ते उरका.”

मुजावरचाचा मूळचे मिरजेचे. पंचावन्नच्या आसपास वय, बुटके, पोट थोडं सुटलेलं. आम्हा सगळ्यांना वरच्या लेनला त्यांनीच नेलं होतं. ओरडायचे खूप, पण एखाद्याला ‘घाबरू नकोस’ म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत बाकी प्रत्येकाचं मला ते म्हणून झालं होतं.

गाडी शेडमध्ये लावली. मला वाटलं आता चहा पाजतील आणि समजूत काढतील. मी उत्तरं तयार करत होते. चाचांनी जीपची किल्ली उचलली. “चल.”

“कुठं?”

“हितंच. वळणाला.”

जीप वळणाच्या पायथ्याशी थांबली. मी खालून ती भिंत बघितली. गाडीतून ती सेकंदासेकंदात मागं पडते, इथं ती नुसती उभी होती. चाचांनी चपला काढून हातात घेतल्या आणि चढायला लागले. मधल्या लेनपर्यंत चालता आलं. वरच्या लेनला पाय घसरायला लागले, तसे ते सरळ हात टेकून रांगायला लागले. मीही त्यांच्या मागं रांगत निघाले. डांबर चटके देत होतं. एवढ्या नामांकित ट्रॅकची चाचणी ड्रायव्हर आणि तिचा उस्ताद चार पायांवर वर चढताहेत, हे टॉवरवरून दुर्बिणीतून कसं दिसत असेल, या विचारानं मला तशातही हसू फुटलं.

“हसतीस काय? हे बघ,” चाचा म्हणाले.

वरच्या लेनच्या ऐन मध्यातून एक रेघ निघाली होती. बोटभर रुंद. टायर फाटून गेल्यावर उघड्या पडलेल्या चाकाच्या लोखंडानं डांबर खरवडलं होतं. नंतर त्यात नवं डांबर भरलेलं होतं, पण ते जास्त काळं होतं, त्यामुळे रेघ लांबपर्यंत स्वच्छ दिसत होती.

“माझी?” मी विचारलं.

“मग काय माझी? दोन म्हैनं झालं. हितली रीत तुला म्हाईत हाय. कुणाची गाडी घसरू दे, फुटू दे, आदळू दे, दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर चालत येतो आन् आपली खूण बघून जातो. समदे येतात. तू वळणाकडं तोंड बी केलं न्हाईस. मी वाट बघत व्हतो, आज येशील, उद्या येशील.”

रीत मला माहीत होती. पहिल्या दिवशी कामाचं निमित्त होतं, दुसऱ्या दिवशी तापाचं. नंतर कुणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

“आता बघायला आलीस तर नीट बघ. चल रेघेबरूबर.”

मी रेघेच्या कडेनं सरकत निघाले. आधी हात टेकून, मग उतार कमी होत गेला तशी उभी राहून. रेघ हळूहळू खाली उतरत होती. वरच्या लेनमधून मधल्या, मधल्यातून खालच्या. मी वाट बघत होते, की आता कुठंतरी झटका दिसेल, वळसा दिसेल, मी जे काही शौर्य गाजवलं होतं त्याची जागा दिसेल. रेघ संपली. मी वळून तिच्याकडे पाहिलं.

“कुठं वाकडी दिसतीय का?” चाचांनी वरून ओरडून विचारलं.

“नाही.”

“मग सांग, काय केलंस तू?”

“मला आठवत नाही म्हणून सांगितलं ना!” मी चिडून ओरडले. “तुम्हीच सांगा काय केलं.”

चाचा बसल्या बसल्या घसरत खाली आले, पँट झटकली आणि चपला पायात घातल्या.

“काय न्हाई केलंस,” ते म्हणाले.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन महिने झोप उडाली होती, पण निदान गाडी सावरल्याचं श्रेय तरी पदरात होतं. तेही हा माणूस काढून घेत होता.

“म्हणजे?”

“म्हणजे काय न्हाई. तवा मी मधल्या लेनला व्हतो. तू मला मागं टाकून नुकतीच फुडं गेलतीस. टायर फुटलं. मी म्हणलं, आता ही बिरेक मारणार आन् गेली कठड्याला. तुझं मागचं लाल दिवं एकदा बी लागलं न्हाईत. बिरेकला पाय न्हाई लावलास. स्टिअरिंग वडलं असतंस तर ही रेघ सापावानी झाली असती. हात नुसतं टेकवून ठिवलंस आन् गाडीला उतरू दिलंस. तिचा वेग कमी झाला, तशी ती आपल्या पायानं खाली आली. लई मोठं काम केलंस पोरी. दोनशेच्या वेगात काय न करणं सोपं न्हाई. मला जमलं नसतं.”

मी खाली बसले. डांबर तापलं होतं, पण उठवेना.

“मग आता काय होतंय मला?”

“आता तू करतीस. लई करतीस. वळण आलं की पाय उचलतीस. बाकी दुनियेत भ्या वाटलं की पाय उचलायचा, बरूबर हाय. हितं न्हाई. ही लेन दोनशेसाठी बांधलीया. दोनशेला ती गाडीला धरती. तू हळू झालीस की सोडती, गाडी खाली घसराय बघती. मग तू स्टिअरिंग वर वडतीस. गाडी वडायला लागली म्हणून आनखी भ्या वाटतंय, आनखी पाय उचलतीस. समदं आपल्याच हातानं.”

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत मी ते आकृती काढून लिहिलं होतं. पण त्या दिवशी माझ्यासमोर माझीच रेघ होती, आणि ती सरळ होती.

“मग काय करू?” मी विचारलं.

“दोनशे धर आन् वळणात हात सोड.”

“चाचा!”

“शिकतावक्ती मधल्या लेनला सोडलंतास की. जत्रंतल्या पाळण्यात बसल्यावानी वरडत व्हतीस.”

“ती मधली होती. वरच्या लेनला माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर कठडा असतो.”

“मी हाय की शेजारी.”

“तुम्ही शेजारी असून काय करणार? तुमच्या बाजूला ना ब्रेक, ना स्टिअरिंग.”

चाचांनी जरा विचार केला. “बोलत ऱ्हाईन,” ते म्हणाले.

आम्ही पुन्हा गाडीत बसलो. पट्टे आवळले. मी टॉवरला कळवलं, साहेबांनी हिरवा दिवा दिला. सरळ रस्त्यावर वेग वाढत गेला. शंभर, दीडशे, एकशे ऐंशी. त्या गाडीत दोनशे म्हणजे कानांत एकसारखा घोंगावणारा आवाज आणि डोळ्यांच्या कडेला पुसट झालेलं गवत. समोरून वळण उठून उभं राहिलं. माझ्या पोटरीत ती ओळखीची कळ आली, पाय वर ओढणारी. आणि चाचा बोलायला लागले.

“आमचा थोरला भाऊ तंबोरं करतोय मिरजेला. तुला सांगितलंय का? मागल्या म्हैन्यात एक गवई आला. म्हणला, तंबोरा बेसूर हाय. भाऊ म्हणला, तंबोरा हितं बरूबर हाय, तुमच्या घरी बेसूर झाला आसंल...”

वळण आत घेत होतं आणि हा माणूस तंबोऱ्याच्या भोपळ्यांचे भाव सांगत होता. मी पाय होता तिथंच दाबून ठेवला. स्टिअरिंग गच्च धरलेलं होतं, दात एकमेकांवर आवळलेले होते. काटा दोनशेवर थरथरत राहिला. “वरची लेन, दोनशे, ठीक.” आवाज फार छान नव्हता, पण कापला नाही. टॉवर गप्प राहिला. म्हणजे फेरी धरली.

दुसऱ्या फेरीला वळण दिसायला लागलं तसे चाचा गोष्ट अर्धवट टाकून म्हणाले, “आता सोड.”

मी आधी बोटं सैल केली. मग तळवे उचलले, स्टिअरिंगपासून चार बोटं वर, पकडायच्या तयारीत. गाडी वळणात शिरली. डाव्या हाताला सगळा माळ तिरका होऊन खाली गेला, उजव्या हाताला कठडा एक करडी पट्टी होऊन धावत होता, आणि समोर स्टिअरिंग कुणाचा हात नसताना अगदी किंचित हललं आणि स्थिर झालं. गाडी वळत होती. तिला कुणी वळवत नव्हतं, तरी ती लेनच्या मधोमध वळत होती. माझं वजन ना उजवीकडे झुकत होतं ना डावीकडे, नुसतं खाली सीटमध्ये रुतत होतं, कुणी दोन्ही खांदे धरून खुर्चीत नीट बसवावं तसं.

मी हात मांडीवर ठेवले.

दोन महिन्यांत पहिल्यांदा माझा श्वास छातीच्या खालपर्यंत गेला. मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. दोनशेच्या वेगात डोळे पुसायची एरवी पंचाईतच झाली असती, पण हात मोकळेच होते. पुसले.

“रिपोर्ट,” चाचांनी आठवण केली.

“वरची लेन, दोनशे, ठीक,” मी म्हणाले, आणि माझा जुना आवाज मला ऐकू आला. तो कुठंतरी गेला होता हेही तोवर मला कळलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला मी हात परत स्टिअरिंगवर ठेवले, नुसते टेकवून. चौथीला वळण येण्याची वाट बघायला लागले, पूर्वी बघायची तशी. चाचा अखंड बोलतच होते. तंबोऱ्यावरून भावाच्या मुलीच्या लग्नावर आले, लग्नावरून जावयाच्या मोटारसायकलवर. त्यांचा आवाज एका पट्टीत, एका वेगात चालला होता, मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हता.

पाचव्या फेरीला, वळणात, मी त्यांच्याकडे पाहिलं. इतके दिवस त्या वळणात मान वळवायची माझी छाती झाली नव्हती, आता झाली. अर्धा सेकंद पाहिलं असेल.

चाचांचा डावा हात दाराच्या वरच्या हँडलला घट्ट लटकलेला होता. उजव्या हातानं त्यांनी सीटची कड पकडली होती आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. डोळे गच्च मिटलेले. आणि मिटल्या डोळ्यांनी ते जावयाच्या मोटारसायकलबद्दल बोलत होते.

“वाघचौरे, रिपोर्ट,” रेडिओवरून आवाज आला.

“वरची लेन, दोनशे...” मी म्हणाले आणि पुढं मला हसूच आवरेना.

“काय झालं? ठीक आहात ना?”

“ठीक, सर. एकदम ठीक. मुजावरचाचांनी हँडल धरलंय, ते सोडायला तयार नाहीत.”

माझं हसू जागच्या जागी थांबलं. शेवटच्या फेरीला रिपोर्टमध्ये खिदळणारा ड्रायव्हर साहेबांना चालेल असं काही मला वाटेना. गेली, मी मनात म्हटलं. पाच फेऱ्या गेल्या, ट्रॅक द्यायची वेळ झाली, तिसरी संधी गेली.

“वाघचौरे,” साहेब म्हणाले, “मुजावर ज्या गाडीत बसतात, तिचं ते हँडल आम्हाला वरचेवर बदलावं लागतं. पंधरा वर्षं झाली. तुम्हाला आज दिसलं का?”

“हो, सर.”

“बरं झालं. ज्याला ते दिसतं, त्याला मी पुन्हा तपासत नाही. पाचवी धरली. पुढचं वळण करून खाली या. उद्या सकाळी निळी गाडी तुम्ही घ्यायची.”

निळी गाडी वरच्या लेनची होती. मी काही बोलायच्या आत चाचांनी एक डोळा उघडला.

“साहेबांनी काय सांगायचं ते सांगितलं ना? मग हसतीस काय माझ्याकडं बघून! फुडं बघ की पोरी, वळण आलं!”

वळण आलं होतं. उन्हात काळं, उंच, सरळ अंगावर चालून येणारं. चाचांनी पुन्हा डोळे मिटले, हँडल आवळलं आणि जावयाची मोटारसायकल जिथं सोडली होती तिथून पुढं सुरू केली. मी पायाकडे लक्ष दिलं. तो होता तिथंच होता.